'तुल्कू'ला मराठीत काय म्हणायचं? अवतार, पुनर्जन्म की अजून काही?

बोरूबहाद्दर: मंडळी, दिवाळी अंकासाठी तिबेटवरचा एक लेख भाषांतरित करतोय आणि एका वाक्यात पार अडकलोय. चीन सरकारने २००७ मध्ये नियम काढला की कुठल्याही लामाचा पुढचा जन्म सरकारी मंजुरीशिवाय ग्राह्य धरला जाणार नाही, रीतसर अर्ज करायचा. मी लिहिलं 'अवताराला सरकारी परवानगी', संपादकबाईंनी काट मारून 'पुनर्जन्माला' केलं. मिळमिळीत वाटतंय हो. पुनर्जन्म मुंगीचाही होतो, तुल्कू म्हणजे पुन्हा जन्मलेला लामा, तो ठरवून परत येतो असं तिबेटी लोक मानतात. काय वापरू?

शुद्धलेखी: अवतारच. अव + तृ, खाली उतरणे. यात काथ्याकूट कसला?

निळी_पहाट: अजिबात नको! आमच्या घरी बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत, बुद्ध विष्णूचा अवतार मानणार नाही हे त्यात स्वच्छ लिहिलंय. बौद्ध विषयात हा शब्द दिसला की आमच्याकडे भुवया वर जाणारच. पालीत पुनब्भव आहे, त्याचं 'पुनर्भव' करा. आणि कृपा करून 'आत्मा दुसऱ्या शरीरात शिरतो' वगैरे लिहू नका, बौद्ध आत्मा मानत नाहीत.

शुद्धलेखी: पुनर्भव म्हटलं तर लोकांना पुनर्नव्याचा काढा वाटेल.

झाडीपट्टीवाला: आमच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिथल्या एका स्वेटरवाल्या काकांना मी हेच विचारलेलं, ते हिंदीत सरळ 'रिनपोछे फिर आ गए' म्हणाले (रिनपोछे म्हणजे मोठ्या लामांना आदराने म्हणतात ते). विषय संपला. तसं तुल्कू म्हणजे संस्कृत 'निर्माणकाय'चाच (बुद्धाने जगात धारण केलेला देह) तिबेटी अनुवाद, म्हणजे आपलाच माल फिरून आलाय.

चहाबिस्कीट: चिनी सरकारी भाषेत यांना 'हुओफो' म्हणतात, जिवंत बुद्ध. दलाई लामांनी स्वतःच तो शब्द चूक म्हटलाय. तेव्हा जिवंत बुद्ध लिहू नका, नकळत बीजिंगची बोली बोलाल.

शुद्धलेखी: प्रत्येक शब्दात राजकारण शोधायलाच हवं का राव?

चहाबिस्कीट: शोधायला कशाला हवं, समोरच आहे. १९९५ च्या मे महिन्यात दलाई लामांनी सहा वर्षांच्या गेधुन चोएकी न्यीमाला पंचेन लामा (दलाई लामांखालोखाल मानाचे लामा) म्हणून जाहीर केलं, तीन दिवसांत चीनने पोराला आणि आईबापांना उचललं, त्यानंतर तो लोकांसमोर आलेला नाही. मग नोव्हेंबरात ल्हासाच्या जोखांग मंदिरात सुवर्णकलशातून नावाची चिठ्ठी काढून ग्याल्त्सेन नोर्बूला त्याच जागी बसवलं. देव-धर्म न मानणारा पक्ष पुनर्जन्म ठरवतोय, आता बोला.

शुद्धलेखी: कलश काही कम्युनिस्टांनी शोधलेला नाही. १७९३ मध्ये छ्येनलुंग बादशहाने आणला, काही दलाई लामा तसेच निवडले गेलेत.

झाडीपट्टीवाला: आणि तेराव्या-चौदाव्याच्या वेळी वापरलाच नाही, ते का गाळता? २ जुलै २०२५ ला दलाई लामांनी सांगितलं की पुढचा शोध घ्यायचा अधिकार फक्त त्यांच्या गादेन फोद्रांग ट्रस्टला. चीनने लगेच कलश आणि मंजुरी दोन्हीची आठवण करून दिली.

निळी_पहाट: सुवर्णकलश म्हटलं की डोळ्यासमोर आंब्याची पानं आणि नारळ येतो. उगाच मंगल वाटतं. 'सोडत' म्हणा, म्हाडाची असते तशी.

बोरूबहाद्दर: सोडत भारी आहे! पण माझं अवताराचं काय? बाई उद्या पानं लावणार आहेत.

शुद्धलेखी: सोडत नको, चिठ्ठ्या टाकणे हा जुना आणि शुद्ध शब्द आहे.

निळी_पहाट: चिठ्ठी फारसी की हिंदी ते आधी बघा, मग शुद्ध म्हणा.

चहाबिस्कीट: शुद्धतेचं निघालंच आहे तर 'दलाई' मंगोल आहे, समुद्र. १५७८ मध्ये अल्तान खानाने दिलेली पदवी. मी शाळेत असताना दलालशी काहीतरी नातं असेल समजायचो. आणि आताच्या दलाई लामांच्या तेन्झिन ग्यात्सो या नावातलं ग्यात्सो म्हणजे तिबेटीत समुद्रच.

झाडीपट्टीवाला: म्हणजे 'दलाई लामा तेन्झिन ग्यात्सो' म्हणणं पिवळं पितांबरच झालं की.

शुद्धलेखी: पितांबर नव्हे, पीतांबर. दीर्घ.