पुढचं टायर आतून खाऊलालंय, आणखी एक पावसाळा काढावा का?

खानापूरकर: छोटी हॅचबॅक आहे, टायर 165/80 आर 14, 38,000 किमी झालेत. पुढचं डावं टायर आतल्या कडेनं खाऊलालंय. बाहेरून बघितलं तर खाचा चांगल्या दिसतात. टायरवर 2219 असा आकडा आहे. पावसात जांबोटी, चोर्ला घाटातून गोव्याला जाणं-येणं असतं. टायरवाला चारही बदला म्हणतोय. नुसतं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून चालेल का ओ?

पाना दहा-बारा: उभ्या गाडीकडं बाहेरून बघून काही कळत नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे आतली कड दिसते. खाचेतली तांबडी माती आणि खडी टोकरून काढा, मग खाचेची खोली मोजायचा डेप्थ गेज लावा. आतली, मधली आणि बाहेरची अशा तीन खाचा मोजायच्या, आणि टायर फिरवून तीन-चार ठिकाणी. सरासरी काढत बसू नका, सगळ्यात कमी येईल तोच आकडा धरा.

टायरच्या बाजूला बारीक त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. त्या रेषेत खाचेत रबराचा उंचवटा दिसेल, तो 1.6 मिमीचा. नक्षी त्याच्या बरोबरीला आली की टायर संपलं. मोजताना गेज त्या उंचवट्यावर टेकवू नका, आकडा चुकतो. नव्या टायरची खाच साधारण 8 मिमी असते. घाटातल्या पावसाला मात्र 1.6 ची वाट बघणं मला पटत नाही. 3 मिमीच्या खाली खाचेतून पाणी पुरेसं बाहेर जात नाही, वेगात टायर पाण्यावर तरंगतं आणि ब्रेक, स्टिअरिंग काहीच ऐकत नाही.

2219 म्हणजे 2019 सालचा 22वा आठवडा. रबर कडक झालं असणार. खाचेच्या तळाशी आणि बाजूला भेगा आहेत का बघा. आतून तार दिसली तर त्याच दिवशी स्टेपनी लावा.

निपाणीकर: कारण काढल्याशिवाय नवीन टायर घालू नका, तेही असंच खाणार. नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट नेताना करवतीसारखं टोचलं, तर टो (वरून बघितलं तर चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत ते) बिघडलाय. टोचत नाही, नुसती आतली कड सपाट झालीय, तर कॅम्बरचा (समोरून बघितलं तर चाक किती कललंय त्याचा) संशय. मध्येच खाल्लं असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा गेल्या असतील तर हवा कमी. खड्डे-खड्डे पडले असतील तर शॉकअप बघा.

अलाइनमेंटच्या आधी चाक जॅकवर उचला (गाडी स्टँडवर घेऊनच). घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी धरून हलवा: खडखडलं तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगपासून चाकाला येणाऱ्या दांड्याचं टोक). 12 आणि 6 ला हललं तर बॉल जॉइंट (चाक आणि आर्मचा गोळ्याचा सांधा) किंवा बेअरिंग. लोअर आर्मचा (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचा) रबरी बुशही बघा. बुश ढिला असेल तर मशीनवर आकडे बरोबर येतात आणि पहिल्या खड्ड्यात परत बिघडतात.

खानापूरकर: मोजलं. पुढचं डावं: बाहेर 3.4, मध्ये 3.2, आत 1.4. उजवं आतून 2.1. मागची दोन्ही 4.5, भेगा नाहीत. हात फिरवला तर टोचतंय. 3 आणि 9 ला थोडं हलतंय.

पाना दहा-बारा: मग टाय रॉड एंड आधी, टायर नंतर, शेवटी अलाइनमेंट. तुमचं डावं आजच बाद, उजवंही पावसाळा काढणार नाही. दोन नवीन घ्या, तीच मापं.

निपाणीकर: आणि नवीन दोन मागं घाला. टायरवाले हटकून पुढं घालतात. ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बहुधा सावरते. मागची सुटली तर शेपूट फिरतं, आणि चोर्ल्यात ते सावरायला जागाच नाही. मागची 4.5 वाली पुढं येतील. 2019 चीच असतील तर तीही दिवाळीच्या आसपास बघा. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, गाडी चालवण्याआधी टायर थंड असताना भरा. टायरवर लिहिलेला आकडा जास्तीत जास्त मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते.

खानापूरकर: बॅलन्सिंग चारही चाकांचं का?

पाना दहा-बारा: होय की. जागा बदलूलालाय तर चारही करून घ्या.