जुनी आवृत्ती घ्यावी का? प्रकरण पाहून ठरवा

कॅन्सर सर्जरीच्या पुस्तकाची जुनी आवृत्ती चालेल का, असा प्रश्न आहे. तंत्राच्या प्रकरणांसाठी बहुतेक वेळा चालते. शरीररचना आवृत्तीगणिक बदलत नाही. रेक्टमच्या (गुदाशयाच्या) कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत मेसोरेक्टम, म्हणजे त्याभोवतीची चरबी आणि लसीका गाठी, त्याच्या आवरणासकट अखंड काढायचा, हे १९८२ पासूनचं तत्त्व आजही तेच आहे. आवरण फाटलं की तिथेच कॅन्सर उलटण्याची शक्यता वाढते, आणि स्तर चुकून बाहेर गेलात तर हायपोगॅस्ट्रिक नर्व्ह (मूत्राशय आणि लैंगिक क्रियेशी संबंधित नस) दुखावते. आकृत्या चांगल्या असतील तर जुना अ‍ॅटलस खुशाल घ्या.

स्टेजिंगला, म्हणजे कॅन्सर किती पसरलाय हे ठरवायला, मात्र जुनं पुस्तक हातात धरू नका. जिभेवरची १.८ सेंमीची, ७ मिमी खोल गेलेली गाठ एजेसीसीच्या (कॅन्सरचे टप्पे ठरवणारी अमेरिकन समिती) सातव्या आवृत्तीत टी१ (मूळ गाठीचा सर्वात लहान गट) होती, आठव्यात ती टी२ होते, कारण खोली ५ मिमीच्या वर आहे. ही खोली शेजारच्या निरोगी म्यूकोसाच्या (आतल्या ओल्या त्वचेच्या) बेसमेंट मेम्ब्रेनच्या, म्हणजे तिच्या वरच्या थराखालच्या पातळ पडद्याच्या, पातळीपासून मोजतात. गाठीची जाडी म्हणजेच खोली समजणं ही नेहमीची गफलत: फुगून वर आलेल्या गाठीत आकडा उगाच वाढतो, व्रण पडलेल्या गाठीत कमी भरतो. मानेतल्या लसीका गाठी काढायच्या की नाही, हे बऱ्याचदा याच आकड्यावर ठरतं.

केमोचे डोस तर जुन्या पुस्तकातून नकोच. कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाच्या डोसचं सूत्र (एयूसी × (जीएफआर + २५)) सगळीकडे सापडेल; एयूसी म्हणजे रक्तात औषध किती आणि किती वेळ राहावं याचं ठरवलेलं माप, जीएफआर म्हणजे मूत्रपिंडांचा रक्त गाळण्याचा वेग. पण अंदाजित जीएफआर मिनिटाला १२५ मिलीच्या वर धरू नये, ही एफडीएची (अमेरिकेची औषध नियामक संस्था) सूचना २०१० ची. त्याआधीच्या छपाईत ती कुठून असणार!