घायपाताला बी का धरत नाही? १५० गुणसूत्रांची काय भानगड आहे

बांधावरचा
नमस्कार मंडळी. आमच्या बांधावर आजोबांच्या काळातली घायपात (अगेव्ह) आहे, सिसलच असावी कारण पानांच्या कडेला काटे जवळपास नाहीतच, टोकाला तेवढी सुई. यंदा एकीने दांडा टाकला, चांगला उंच गेला, फुलं आली नि झडली, बी काही धरलं नाही पण त्याच फांद्यांवर बोटाएवढी रोपं लटकली, जरा धक्का लागला की खाली पडतात. नेटवर वाचलं की सिसलमध्ये १५० गुणसूत्रं असतात आणि टकीला ही मेक्सिकन दारू ज्यापासून करतात त्या निळ्या अगेव्हमध्ये ६०. एकाच जातकुळीत एवढा फरक कसा काय? आणि जास्त गुणसूत्रं म्हणजे जास्त वाख (पानातला दोराचा धागा) असं असतं का? असेल तर तसलीच रोपं बघून लावतो.

स्लाइडवाली
फरक दिसतो तेवढा नाहीये. अगेव्हचा मूळ संच ३० चा. निळ्या अगेव्हमध्ये दोन संच म्हणजे ६०, सिसलमध्ये पाच संच म्हणजे १५०. संच तोच, त्याच्या प्रती जास्त, एवढंच. एका संचात साधारण ४ पिकोग्रॅम डीएनए भरतं, म्हणजे ४ अब्ज अक्षरांच्या आसपास (माणसाच्या एका संचात ३ अब्जाच्या थोडं वर). संच वाढले की पेशीतलं एकूण डीएनएही त्याच पटीत वाढतं, त्यामुळे आता पानाचा तुकडा चिरून फ्लो सायटोमीटर या यंत्रातून पेशींतलं डीएनए मोजलं तरी किती संच आहेत याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

आता बी का नाही. बीजपेशी बनताना गुणसूत्रांना जोड्या लावाव्या लागतात. फुगडीला पाच जणी आल्या तर एक उरणारच ना, तसं इथे प्रत्येक गुणसूत्राच्या पाच प्रती, मग वाटणी वेडीवाकडी होते आणि परागकण बहुतेक वांझ निघतात. तुम्हाला जी रोपं लटकलेली दिसली ती आईची हुबेहूब नक्कल, त्यात नवीन काही नाही.

माती_आणि_मायक्रोस्कोप
यात एक भर. सिसलच्या जुन्या मोजणीत १५० च्या जागी १३८ वगैरे आकडेही सापडतात. कारण स्लाइड बघितली की कळतं: प्रत्येक संचात ५ गुणसूत्रं लांबलचक आणि बाकीची २५ अगदी ठिपक्याएवढी. लांबवाली पटकन मोजता येतात, ठिपके एकावर एक चढलेले, आणि सिसलमध्ये असे सव्वाशे! गुणसूत्रं बघायला मुळाचं टोक काचेवर दाबतात, ते नीट दाबलं गेलं नाही तर कोण काय मोजेल सांगता येत नाही. हीच ५ आणि २५ ची ठेवण युक्का या टोकदार पानांच्या झाडामध्ये पण आहे, १९३३ मध्ये मॅकेल्वी आणि सॅक्स या संशोधकांनी ती दाखवली तेव्हा फुलांवरून वेगवेगळ्या कुळांत टाकलेली ही झाडं नातेवाईक असल्याचा मोठा पुरावा मिळाला. मला तर संचांच्या हिशेबापेक्षा हेच भारी वाटतं.

बांधावरचा
फुगडीचं डोक्यात बसलं 😄 पण वाखाचं राहिलं की.

दोरखंड
वाखाचं मी सांगतो. संच जास्त म्हणून वाख जास्त हे गणित टिकत नाही. टांझानियातला तो प्रसिद्ध संकर ११६४८, अमानीच्या संशोधन केंद्रातला, तो दोनच संचांचा आहे, आणि सिसल आयुष्यभरात दोन-अडीचशे पानं देते तिथे हा सहाशेच्या वर देतो. उलट तिथे पाच संचांची अडचणच झाली, कारण बीच धरत नाही तर संकर करणार कशाचा, म्हणून त्यांनी अमानीएन्सिस आणि अंगुस्टिफोलिया या बी धरणाऱ्या जाती घेतल्या आणि त्यांचं पिल्लू परत अमानीएन्सिसशी लावलं. पण या ११६४८ ला झेब्रा नावाचा रोग लागतो, सिसल त्यात टिकते, म्हणजे फुकट काही नाही.

आणि नकलांचा धोका बघा. १८९३ मध्ये हिंडोर्फ नावाच्या जर्मन माणसाने फ्लोरिडातून पूर्व आफ्रिकेत १००० रोपं मागवली, जिवंत पोचली ६२, आणि तिथला सिसलचा धंदा त्यावरच उभा राहिला. एक रोग आला की सगळ्यांना सारखाच.

स्लाइडवाली
निळ्या अगेव्हचं दुखणं मात्र वेगळं. दोन संच आहेत, बी धरू शकते, पण मेक्सिकोतल्या हालिस्कोचे शेतकरी दांडा वर यायला लागला की छाटतात, नाहीतर गाभ्यातली साखर फुलण्यातच संपते. लागवड सगळी बुडख्याच्या पिल्लांची. म्हणजे तिथेही शेतंच्या शेतं नकलांचीच, फक्त कारण गुणसूत्रं नाही, कोयता. आणि मेझकाल ही दुसरी अगेव्हची दारू जिच्यापासून करतात ती अंगुस्टिफोलिया घ्या, एकाच नावाखाली ६०, १२०, १८० अशी झाडं सापडतात, त्यामुळे नुसतं जातीचं नाव विचारून रोप घेऊ नका.

दोरखंड
बांधावरचा, थोडक्यात काय तर रोपं निवडताना आकडे विसरा. ज्या झाडाची पानं लांब आणि भरपूर त्याचीच पिल्लं काढा. चीक अंगाला लागू देऊ नका, खाज सुटली की दिवसभर पिच्छा सोडत नाही.