बेळगाव, खानापूर, निपाणी: तुमच्या घरच्या म्हाताऱ्या आणि अपंग माणसांनी मत कसं दिलं?

२०२३ च्या विधानसभेला कर्नाटकात पहिल्यांदा ८० वर्षांपुढच्यांना आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मत द्यायची सोय झाली. २०२४ च्या लोकसभेला वयाची अट ८५ केली. तुमच्याकडे काय झालं, सविस्तर लिहा. पुढच्या वेळी कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

शहापूर, बेळगाव
२०२३ ला आजीसाठी पथक घरी आलं. दोन कर्मचारी, पोलीस, व्हिडिओवाला. बाबांनाही खोलीबाहेर थांबवलं. आजीचा एकच प्रश्न, "माझं मत त्यात दिसतंय काय बघा?" खूण करताना कॅमेरा दुसरीकडे वळवल्याचं दाखवलं, मगच तिनं पेन हातात घेतलं. लिफाफ्यात लिफाफा, डिंक तिनंच लावला. मत कुणाला दिलं ते आजतागायत सांगितलेलं नाही!

खानापूर तालुका
बाबांनी २०२३ ला घरून मत दिलं, तेव्हा ८१ वर्षांचे. पुढच्या वर्षी ८५ च्या अटीत बसेनात. गुडघे काय वर्षभरात सुधारतात? ७ मे, रणरणतं ऊन. केंद्रावर रॅम्प होता, पण वर पोचल्यावर दाराला उंच उंबरा. चाकाची खुर्ची तिथंच अडली. दोन पोरांनी खुर्चीसकट उचललं. बाबांना ते फार लागलं. रॅम्प बांधणाऱ्यानं एकदा त्या खुर्चीत बसून आत जाऊन बघावं, एवढंच मागणं.

निपाणी
मी पूर्ण अंध आहे. मला केंद्रावर जाऊनच मत द्यायला आवडतं. ब्रेलमधला मतपत्रिकेचा नमुना आधी वाचायचा, उमेदवाराचा क्रमांक लक्षात ठेवायचा आणि यंत्रावर बटणाशेजारचा ब्रेल आकडा चाचपायचा. "सोबत कुणी नाही काय?" असं तिथं पुन्हापुन्हा विचारत होते. सोबती नेता येतो, पण तो माझा हक्क आहे, सक्ती नव्हे. मत कुणाला पडलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी मात्र मला वाचता येत नाही. त्यावर काहीतरी निघायलाच हवं.

(धागाकर्ती: ज्यांना सोबती न्यायचा आहे त्यांच्यासाठी, तो १८ वर्षांवरचा हवा आणि त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं.)

बेळगाव ग्रामीण
भावाला अर्धांगवायू आहे. घरून मत द्यायचा १२-ड अर्ज आला तो कन्नडमध्ये, आईला वाचता येईना. शेजारच्या कॉलेजातल्या पोरीनं वाचून भरून दिला. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून अर्जाला पाचच दिवस मिळतात, म्हणून अपंगत्वाच्या दाखल्याची झेरॉक्स आधीच काढून ठेवा. पथक येईल त्या दिवशी माणूस घरातच हवा. चुकलं तर आणखी एकदाच येतात, आणि अर्ज मंजूर झाल्यावर केंद्रावर मत देता येत नाही.