जर्मन पहाडी सिनेमा: सबटायटल मागे पडतात

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): शनिवारी हॉलमध्ये 1956 चा 'डी गायरवाली' दाखवायचाय. जर्मन डीव्हीडीला वेगळी सबटायटल फाइल जोडली. सुरुवातीला जुळते, तासाभरात दोन-अडीच मिनिटं मागे पडते.

उत्तर 1: हा वेगाचा फरक आहे. पाल या व्हिडिओ पद्धतीची डीव्हीडी सेकंदाला 25 फ्रेमने चालते, फाइल 24 ची. 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट 24 वरून 25 करा, मगच पहिला संवाद जुळवा. नुसता उशीर सरकवला तर पुढे पुन्हा बिघडेल.

उत्तर 2: भाऊ, चित्र 4:3 (रुंदी:उंची) चं असेल तर प्रोजेक्टरही 4:3 वरच ठेवा! ताणलं की ऑस्ट्रियातल्या टिरोलचे सुळके बसके दिसतात, आणि या सिनेमांचा जीवच डोंगरात असतो.

उत्तर 3: डिस्क रीजन 2 ची असेल (रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल त्याचा क्रमांक), आपल्याकडचे प्लेअर 5 चे. आधी चालवून बघा. जाहीर खेळाला हक्कधारकाची लेखी परवानगीही लागते.