शिडाच्या बोटीवर दोन महिने राहायला बोलावलंय, जाऊ का?

पोळीभाजी:
नमस्कार मंडळी. नवऱ्याचा कॉलेजचा मित्र आणि त्याची बायको स्वतःची ४१ फुटी शिडाची बोट घेऊन पनामाहून निघालेत, मे महिन्यात फ्रेंच पॉलिनेशियातल्या मार्केसास बेटांवर पोचतील आणि तिथून पुढे तुआमोतू बेटं करत ताहितीपर्यंत तुम्ही दोघं या म्हणतायत. राहायचे पैसे नाहीत, फक्त किराणा आणि डिझेल वाटून घ्यायचं. नवरा फोटो बघून वेडा झालाय. मी कोथरूडची, समुद्राशी संबंध म्हणजे मुरुडला गुडघाभर पाणी आणि मांडव्याची कॅटामरान, त्यातही मला बोट लागली होती. कोणी असं राहिलंय का? संडास-आंघोळीचं काय, दिवसभर करतात काय, आणि रोज ताजे मासे मिळतात हे खरं का? (खरं सांगायचं तर मला तेवढं एकच आकर्षण आहे)

घरबशा:
दोन महिने फुकटचे खलाशी हवेत त्यांना, बाकी काही नाही 😀

खारट_वारा:
घरबशा, अर्धं बरोबर आहे तुमचं, पण अर्धंच.

ताई, आम्ही दोघं दोन सीझन तिकडेच होतो म्हणून लिहिते. समुद्राची भीती चार दिवसांत जाते, डोक्यात राहतं ते पाणी. म्हणजे गोडं पाणी. आमची टाकी ३५० लिटरची, वॉटरमेकर (खाऱ्याचं गोडं पाणी करणारं यंत्र) होता पण तो बंद पडला की टाकीवरच सगळं. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने आणि मग गोड्या पाण्याचा एक हात. आंघोळ म्हणजे मागच्या शिडीवरून समुद्रात उडी, वर येऊन साबण, परत उडी, आणि शेवटी झाडांवर औषध फवारायचा जो हातपंप असतो ना, त्यात दीड लिटर गोडं पाणी भरून अंगावरचं मीठ काढायचं. हसू नका, केसांसकट होतं. पण कपडे खाऱ्या पाण्यात धुवायच्या भानगडीत पडू नका, मिठामुळे ते कधी धड वाळतच नाहीत, रात्री परत ओलसर.

संडास हातपंपाचा, दर वेळी वीस-पंचवीस दांडे मारायचे, कागद आत टाकायचा नाही. टाकलात तर तो पाइप कोण उघडणार हे आधीच ठरवून ठेवा (आमच्याकडे नवरा, आणि ते दोन तास तो माझ्याशी बोलला नव्हता).

दिवसभर काय करतात? दुरुस्ती. सकाळी बॅटरीचे आकडे बघायचे, सोलरने काल किती भरली, फ्रिजने किती खाल्ली, मग काहीतरी गळत असतंच. पुठ्ठ्याचं खोकं बोटीत आणायचं नाही, त्यात झुरळांची अंडी येतात, सगळं धक्क्यावरच पिशवीत ओतून घ्यायचं.

आणि मार्केसासला तुम्हाला घरच्यासारखं वाटेल बघा. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, झाडाला पपनस, आपल्यापेक्षा मोठी आणि गोड, निरफणस, नारळ, अळूचे कंद. तिथल्या हिवा ओआ बेटाला मात्र नांगरावरसुद्धा बोट रात्रभर डुलते, पुढून एक मागून एक असे दोन नांगर टाकतात तरी. आणि नोनो नावाची बारकी माशी चावते, ती खाजवायची नाही, खाजवली की चिघळते.

निवृत्त_दर्यावर्दी:
३३ वर्षं मर्चंट नेव्ही. मोठ्या जहाजावर मला कधी बोट लागली नाही, जावयाच्या चाळीस फुटीवर दुसऱ्या तासाला लागली, तेव्हा त्यात लाज नाही. सिनारिझिनची गोळी आपल्याकडे केमिस्टकडे मिळते, डॉक्टरला विचारून घ्या, झोप येते हे लक्षात ठेवा, आणि त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची, नंतर घेऊन उपयोग नाही. सोबत आलेपाक.

मार्केसास ते तुआमोतू साधारण ५०० सागरी मैल, ताशी पाच-सहा मैलांनी चार-पाच दिवस. रात्री तीन-तीन तासांचा वॉच, म्हणजे जागता पहारा, तुम्हालाही करावा लागेल. पण खरी परीक्षा पुढे. तुआमोतू म्हणजे प्रवाळाची कंकणं, मधे सरोवर, आणि आत जायला त्या कंकणात एखाददुसरी फट, तिला पास म्हणतात. भरती-ओहोटीचं सगळं पाणी त्या फटीतून जातं, उलट्या प्रवाहात इंजिन फुल दिलं तरी बोट जागची हलत नाही. म्हणून पाणी थांबतं ती वेळ गाठायची, आणि ऊन डोक्यावर हवं म्हणजे पाण्याखालचे प्रवाळाचे खडक दिसतात. आम्ही तिथल्या फाकारावा बेटाला दोन तास आधी पोचलो तर जावई म्हणाला घुसूया, मी म्हटलं मुकाट बाहेर घिरट्या घाल. घातल्या.

माणसांचं मात्र बघा. गोव्यात बांधलेली शिडाची बोट म्हादेई ५६ फूट होती, नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये तिच्यावर एकटे जगभर फिरून आले. तुम्ही ४१ फुटात चौघं. मित्राशी दोन महिने पटेल का हे आत्ताच विचारा.

पोळीभाजी:
खूप आभार! काका, मित्र चांगलाय हो, त्याची बायको जरा शिस्तीची आहे. आणि माशांचं कोणीच बोललं नाही 😐

खारट_वारा:
शिस्तीची असेल तर उलट बरं. मासे मुद्दाम ठेवले होते शेवटी, कारण तुम्ही नाराज होणार. प्रवाळाजवळचा मासा बिनधास्त खायचा नाही, सिग्वातेरा होतो. प्रवाळावरच्या एका सूक्ष्म जिवाचं विष छोट्या माशात, तिथून मोठ्यात साठत जातं, शिजवा तळा गोठवा, जात नाही, वासही नाही चवही नाही. आमच्या शेजारच्या बोटीवरच्या माणसाला झाला होता, थंड पाण्याचा ग्लास हातात घेतला की चटका बसल्यासारखा ओरडायचा, आठवडे चाललं. एका बेटावर जो मासा चालतो तोच पुढच्या बेटावर चालत नाही, म्हणून तिथल्या माणसालाच विचारायचं. खोल समुद्रात गळाला लागलेला टूना, माही-माही खुशाल खा, पण ते रोज लागत नाहीत. इतर दिवशी डाळ-भात. मालवाहू बोट आली की दुकानात भाजी दिसते, संध्याकाळपर्यंत संपते.

सातासमुद्रापार:
मधेच, व्हिसाचं बघा आधी. साधा शेंगेन (फ्रान्ससकट युरोपात चालणारा) व्हिसा आहे म्हणजे तिकडे आपोआप चालतो असं धरू नका, आणि बोटीने निघणार असलात तरी परतीच्या तिकिटाचं विचारतात.

पोळीभाजी:
हे नवऱ्याला माहीतच नव्हतं, आता तोंड बघण्यासारखं झालंय. मी म्हटलं व्हिसा मिळाला तर जाऊया, डाळ-भात मला जमतो. कुकर नेऊ का? आणि कितीचा?

खारट_वारा:
न्याच, झाकण घट्ट असतं, बोट कलंडली तरी सांडत नाही, गॅसही वाचतो. तीन लिटरचा पुरे. रबर मात्र दोन जास्तीच्या घ्या, आमची तुटली ती ताहिती येईपर्यंत मिळाली नाही.