डाळ मिलच्या कॉस्ट शीटमध्ये चुनीचं काय करायचं?

एसवायबीकॉम, जळगाव: प्रोजेक्टला एमआयडीसीतली डाळ मिल घेतली आहे. तुरीची डाळ निघते ती ठीक, पण सोबत चुनी-भुसा (डाळीचा चुरा, टरफलं) पण निघतो आणि तो गुरांच्या खाद्याला विकला जातो, तर त्याचे पैसे इतर उत्पन्नात दाखवू की खर्चातून वजा करू? सर म्हणे वजा कर, पण का ते काही समजलं नाही.

पहिलं उत्तर: सर बरोबर सांगताय भाऊ. मिल काही चुनीसाठी चालत नाही, ते बायप्रॉडक्ट आहे, म्हणजे मुख्य मालासोबत आपोआप निघणारा जोडमाल. समजा १०० किलो तूर ७,००० ची, भरडाई, वीज, मजुरी धरून ५०० आणि डाळ निघाली ७० किलो, चुनी-भुसा २५ किलो तो २० रुपयांनी गेला म्हणजे ५०० आले. आता ७,५०० मधून ५०० वजा, राहिले ७,०००, भागिले ७० म्हणजे डाळ पडली १०० रुपये किलो. वजा नाही केले तर १०७ च्या वर दाखवेल आणि शिल्लक मालाची किंमत उगाच फुगेल. एएस २ मध्ये, म्हणजे शिल्लक मालाच्या किमतीच्या अकाउंटिंग स्टँडर्डमध्ये पण हेच आहे.

दुसरं उत्तर: चुनीचा बारदाना, हमाली आधी कापा बरं का, निव्वळ रक्कमच वजा होते.

एसवायबीकॉम, जळगाव: आणि उरलेले ५ किलो?

पहिलं उत्तर: ओलावा, धूळ, माती. नॉर्मल लॉस आहे तो, म्हणजे नेहमीची होणारच अशी घट, तिचा खर्च चांगल्या डाळीवरच बसतो. पण पावसात पोती भिजून माल सडला तर तो ॲबनॉर्मल, डाळीच्या खर्चात न धरता सरळ कॉस्टिंग नफा-तोटा खात्याला टाक.